दाढेखाली, अलगद

समोरच्या दातांत नाही, टिपणीस म्हणायचे,
समोरचे दात हसायला आणि पेरू फोडायला.
पाइप न्यावा सुळ्याच्या मागे, दाढेच्या उंबऱ्यावर,
आणि जबड्याला सांगावं :
धरायचं नाहीये, नुसता टेकू द्यायचाय.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
टूलरूमच्या मागची पत्र्याची शेड,
कूलंटचं उपडं पिंप, त्यावर टिपणीस,
दुपारी एक ते दीड.
मी आयटीआयचा, एकोणीस वर्षांचा,
कानस दोन्ही हातांनी आवळून धरणारा अप्रेंटिस.
ते बघायचे माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे
आणि बोलायचे मात्र पाइपाबद्दल.

वाटी तळहातात घ्यायची
जसं उकडलेलं अंडं, सोलायच्या आधीचं.
अंगठा काठावर.
अंगठ्याला सोसवेना झालं
की समजावं, आपण घाई केली.

तंबाखू तळाशी सैल, वर जराशी दाबून.
मग न पेटवताच ओढून बघायचं :
शहाळ्यातल्या नळीला लागतो
तेवढाच जोर लागला पाहिजे.
जास्त लागला तर ओत परत कागदावर.
पुन्हा भरायला लाज कसली?

पहिली काडी फसवी.
तिने वरचा थर नुसता फुगून उठतो.
त्याला खिळ्याच्या माथ्याने खाली बसवायचं
(खिळा त्यांनी स्वतः लेथवर काढलेला,
माथ्यात बघून भांग पाडता येईल असा)
आणि दुसरी काडी वाटीवरून गोल फिरवायची,
ओवाळतात तशी.

ओढायचं नाही रे, घुटका घ्यायचा.
गालांनी. छातीला यातलं काही कळवायचं नाही.
नाकाने आपला रोजचा श्वास चालू ठेवायचा,
त्याच्या मागोमाग जीभ किंचित पुढे, किंचित मागे,
झोपलेल्याच्या पायावरचं पांघरूण हलावं, तितकीच.
धूर दिसला तर दिसला.
जीभ पोळली तर तंबाखूला शिव्या देऊ नयेत.
गुरगुरायला लागला तर दांडीत पाणी उतरलंय,
तार घाल, पूस.
विझला?
विझू दे. विझणं म्हणजे बिघाड नव्हे.

असं सांगणारा हा माणूस
सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत गेटवर नोटीस लागली तेव्हा
समोरच्या चहाच्या बाकावर येऊन बसला अकरा दिवस,
इस्त्रीचा शर्ट, डबा,
तोंडात पाइप, न पेटवलेला.
बाराव्या दिवशी क्रेनने आमची जिग बोरिंग मशीन
ताडपत्रीत गुंडाळून ट्रकवर चढवली.
कोणीतरी म्हणालं, साहेब, काडी देऊ?
आणि आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकला,
कट्.

त्यांनी दांडीचा तुकडा तळहातावर थुंकला.
त्याच्याबरोबर दाढेचा टवका.
रुमालात बांधलं दोन्ही, डब्याशेजारी ठेवलं,
चहाचे पैसे दिले.

मे महिन्यात मी कोलबाडच्या एका गाळ्यात
उधारीच्या लेथवर एबोनाइटची दांडी काढली.
तीन वाया गेल्या. चौथी घेऊन
चरईत त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो.
बाई म्हणाल्या, आता कुठे पडद्यांचा वास गेला होता.
टिपणिसांनी दांडी उजेडात धरली,
आरपार बघितलं,
वाटीत बसवली, वळवून, जोर न लावता.

उजवीकडे दाढ नव्हती. डावीकडे नेला.
रिकामाच ओढला.
अर्धा मिलीमीटर मोठं झालंय भोक, म्हणाले.
मी म्हणालो, हो.
खाली रिक्षावाले भांडत होते. पंखा कुरकुरत होता.
ते तसेच ओढत राहिले, काडीपेटी न मागता,
गाल आत, गाल बाहेर,
नाकातून श्वास चाललेला नेहमीचा.
मग नजर माझ्या हातांवर आली.

मी बोटं खिशात घातली.