रहिवासी

सातपूरला, कंपन्यांच्या वळणावर माझं दुकान.
फॉर्म भरायचे तीस रुपये, अंदाज फुकट.

मोनिका तिर्की. ब्याण्णव पॉइंट चार.
जन्म सिमडेगा, दहावी सिमडेगा,
बारावी नाशिक. बाप प्रेस शॉपला, रात्रपाळी.

गेल्या वर्षीची यादी उघडली.
बाहेरच्या राज्यांना जागा तीन,
शेवटची सत्त्याण्णववर बंद.
"इथली असतीस तर
पहिल्याच फेरीत..."
म्हणालो, आणि जीभ चावली.

ती स्क्रीनवरच वाकलेली.
"दादा, रहिवासीत ह-ला पहिली वेलांटी.
तुम्ही दुसरी दिलीये."

दुरुस्त केली.
राज्याच्या रकान्यात कर्सर
लुकलुकत राहिला.

"दुसरं कॉलेज बघू?"
"बघा ना.
पण हेही भरा.
तीसच रुपये ना?"