चालू इंजिनाला कान

शिये गावच्या दूध संस्थेत
पहाटे पाच चाळीसला वजनकाटा थांबतो.
अकरा सेकंद. कधी चौदा.
मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढचा आकडा दाखवतो.
रांगेत किटल्या. सचिव हिंदुराव चौगुले डब्याला एक थाप मारतात
आणि थाप लागू पडली असं मानतात.

डबा आमचा. उद्यमनगरात
पॅटर्नच्या दुकानावरच्या माडीत जुळवलेला.
आत एक छोटं कर्नेल,
त्यात कुठंतरी कुणीतरी अडतंय.

आधी मी सरळ रस्ता धरला.
कोडमध्ये जागोजागी छापायच्या ओळी पेरल्या,
कर्नेल नव्यानं बांधलं, डब्यात भरलं,
आणि तीन पहाटा काट्याशेजारी बसले.
काटा शहाण्यासारखा चालला,
पाहुणे आलेत म्हणून पोर गप राहावं तसा.
वाटलं, माझ्या ओळींनीच त्याची चाल बदलली.
ओळी काढल्या, घरी आले.
चौथ्या दिवशी फोन: बारा सेकंद.

खाली शिकलगार चाचा.
दुखरं ऑइल इंजिन आलं की ते चालूच ठेवतात,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाच्या हाडाला,
आणि डोळे मिटून एकेका बेअरिंगवरून सरकत जातात.
बंद करून खोलत का नाही, मी विचारलं होतं.
"बंद केलंस की दुखणं बी बंद हुतंय, पोरी.
मग खोलून काय बघशील? निस्तं लोखंड."

पाचव्या पहाटे काही बांधलं नाही, काही थांबवलं नाही.
माडीवरूनच, चालत्या कर्नेलला एक नाव सांगितलं.
ह्या फंक्शनच्या उंबऱ्यावर खूण कर.
आत जाणाऱ्याची वेळ लिही, हातात काय नेलं ते लिही,
बाहेर येताना काय आणलं तेही.

उंबऱ्यावरची मूळ सूचना उचलून जपून ठेवायची,
तिच्या जागी एक ठेच.
येणारा अडखळतो, आपण त्याचे खिसे बघतो,
जपलेली सूचना त्याच्याकडून बाजूलाच पुरी करून घेतो
आणि वाटेला लावतो.
त्याला पत्ता नाही.

पहिली खूण चुकली.
तीस हजार ओळी धो धो आल्या, सगळ्या निर्दोष.
मग अट घातली: दहा सेकंदांवर रेंगाळेल त्याचंच लिही.
पान कोरं.
पाच सदतीस, कोरं.
एकोणचाळीस.
मग एकच ओळ.
बारा सेकंद, आणि परत येताना हातात शून्य.
शून्य म्हणजे सगळं ठीक.

दुसरी खूण, दुसरी पहाट: तेवढ्यात किल्ली कुणाकडं?
पावतीच्या प्रिंटरकडं.
काटा आणि प्रिंटर एकाच लॉकच्या दारातून जातात,
आणि प्रिंटर किल्ली मुठीत धरून कागदाची वाट बघत उभा.

फोन लावला. हिंदुराव म्हणाले,
"रोल व्हय? अर्धा कापूनच घालतो आम्ही, आकाराला बरा पडतोय.
काटा थांबतोयच न्हवं रोज, तेवढ्यात बदलून घेतो."

"आणि मी बसले होते तेव्हा?"

"तवा कसा अर्धा घालायचा?
कंपनीची माणसं आल्याली. आक्खा घातला की."

दुपारी ड्रायव्हरच्या चार ओळी बदलल्या.
प्रिंटरनं वाट बघावी, पण किल्ली खाली ठेवून.
मग खुणा काढल्या. मूळ सूचना जागच्या जागी,
उंबऱ्यावर ओरखडाही नाही.
आनशाबाई पोवारांची किटली दुसऱ्या दिवशी थांबली नाही,
हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

एकाच जागी कर्नेल खूण लावू देत नाही:
खुणा वाचतं त्या फंक्शनवर.
सरळ नकार. नाहीतर ठेच स्वतःलाच ठेचकाळत राहील.

त्या तीन पहाटा
मी नेमकी तिथंच बसले होते,
संस्थेचं स्टूल घेऊन, त्यांचाच चहा पीत.