देवाला दृष्ट लागत नाही

आमच्या कालिम्नोस बेटावर
बाळाला कुणी सुंदर म्हणत नाही.
म्हटलंच चुकून, तर लगेच तीनदा थुंकतात, कोरडं:
फ्तू, फ्तू, फ्तू.
सात वर्षांची होईपर्यंत
माझ्यावर इतकी माणसं इतक्या वेळा थुंकली
की मला वाटायचं, मी कुरूप असणार. फार.

बाबा चर्चमध्ये गायचे.
त्याआधी स्पंज काढायला बुडी मारायचे.
समुद्रानं उजवा पाय ठेवून घेतला निम्मा,
आवाज तेवढा वर सोडला.
रविवारी लाकडी आसनाला रेलून
ते देवाचं असं कौतुक करायचे
की मेणबत्त्या विकणारी कालोतिना
सुटे पैसे मोजायची थांबायची.
उजेड म्हणायचे त्याला, पहाट म्हणायचे,
एकेका शब्दाला चार-चार वळणं,
जसा मधाचा चमचा फिरवत राहावा
धार तुटू नये म्हणून.

मग घरी यायचे. सूप प्यायचे.
आई विचारायची, कसं झालंय?
"गरम आहे."

एकदा मी धक्क्यावरून सूर मारला
आणि लेफ्टेरिस न्हाव्याची बुडालेली कात्री
तळातून वर आणली.
सगळा धक्का टाळ्या वाजवत होता.
बाबा पांढरेफटक.
माझ्या ओल्या केसांवर तीनदा थुंकले,
दंडाला धरून घरी नेलं,
रात्री झग्याच्या आतून टाचला निळा मणी.
आई वाटाणे सोलत होती. म्हणाली,
"देवाला दृष्ट लागत नाही, थेमेलिना.
म्हणून त्याचं मोठ्यानं.
आपल्या माणसाचं तोंडातल्या तोंडात."

नाही पटलं. नवव्या वर्षी कुणाला पटेल?
मी पिरेअसला गेले, तिथलाच नवरा केला.
तो दिवसातून दहादा म्हणायचा,
सुंदर, सुंदर, जरा मीठ दे.

मग मुलगी झाली.
क्रीटची दणकट नर्स
अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली,
"काय देखणी आहे हो!"
आणि माझं तोंड, मला न विचारता:
फ्तू, फ्तू, फ्तू.
ओठ कोरडे, भ्यालेले.
बाबांचे ओठ.

चाळीस दिवसांनी बोटीनं घरी आणली तिला.
बाबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, "नाक आपलं नाही."
काठी घेतली आणि बाहेर पडले.

मंगळवार होता. सण नव्हता, घंटा नव्हती.
तिला पाजून मी चढ चढत मागोमाग गेले.
चर्चचं दार सताड उघडं, आत कुणी नाही,
फक्त ते, आणि मध्येच फाटणारा त्यांचा आवाज.
उजेड म्हणत होते, पहाट म्हणत होते,
चमचा फिरवत होते, फिरवत होते,
सगळं देवाच्या नावावर खपवत.
त्यानंही, मला वाटतं,
कळून न कळल्यासारखं केलं असणार.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले.
बाळाचं टोपडं
कानावरून जरा वर सरकवलं.