एकवचनी

वाल्दिव्हियात जुलैमध्ये पाचलाच दिवे लागतात.
नदीकाठच्या मासळीबाजारात सी-लायन भुंकतात,
मासळी संपली तरी भुंकतात,
आणि मी तिसऱ्या मजल्यावर
काचेची एक चकती चिमट्यानं उचलते,
नखाएवढी. तिच्यावर पेशींचं पातळ अंथरूण,
त्यावर काल एका तान्ह्याचं मूत्र ओतून
पाऊण तास गरगर फिरवलेलं.
विषाणू असलाच तर खाली बसावा,
आत शिरावा म्हणून.

पूर्वी तीन-तीन आठवडे वाट पाहायचो.
पेशी फुगायच्या. केंद्रकात काळं बुबुळ,
भोवती फिकट कडं.
पुस्तकात त्याला घुबडाचा डोळा म्हणतात.
आईनं ते पुस्तक पाहिलं नव्हतं, पण
चुंचो ओरडला की ती खिडकी लावायची,
चुलीत मूठभर मीठ टाकायची.
घुबड दिसेपर्यंत थांबलं
की उशीर झालेलाच असतो,
एवढं तिलाही ठाऊक होतं.

आता प्रतिपिंड आहे. क्लोन सहा-डी-अकरा.
एका उंदराच्या प्लीहेतली एक पेशी
गाठीतल्या न मरणाऱ्या पेशीशी जोडून दिली
(लग्नच म्हणा, वधूवरांना कुणी विचारलं नाही),
तेव्हापासून तिचा सगळा वंश
एकच गोष्ट बोलतो.
एकवचनी, एकबाणी.
नागिणीचा विषाणू, याचाच चुलतभाऊ,
शेजारी आणून बसवला तरी ढुंकून बघत नाही.
सायटोमेगॅलो घरात पाऊल टाकताच
जे पहिलं प्रथिन उच्चारतो, तेवढंच धरतो.

उंदराचा क्रमांक वहीत आहे. नाव कुणी ठेवलं नव्हतं.

तीनदा धुवायचं.
मग दुसरं प्रतिपिंड, पहिल्याला चिकटणारं,
हिरव्या रंगाची शेपटी लावलेलं.
पुन्हा तीनदा.
मग काळोखाची खोली, आणि स्टूल,
ज्याचा एक पाय आखूड आहे.

दोनशे बारा.
लालसर मैदान, आणि त्यात
कच्च्या सफरचंदासारखं एक केंद्रक.
खाली डावीकडे अजून चार.
मोजले. एकोणतीस.
कंट्रोलची चकती कोरी, हवी तशी.

नाव नाही. वय: अकरा दिवस.

माझी लिकानराय चौदाची आहे.
दोन वर्षांची असताना तिच्या पाठीमागे
पितळेचं झाकण पडलं, आणि ती वळली नाही.
तोवर एकवीस दिवस केव्हाच उलटले होते.
त्यानंतर सापडलेला विषाणू
आपण कधी आलो ते सांगत नाही.
"असेलही, नसेलही," दवाखान्यात म्हणाले.
बारा वर्षं ते दोन शब्द
मी कोटाच्या खिशात घालून फिरते,
रुमाल काढताना हाताला लागतात.

डॉक्टर श्वेंके म्हणाले, "हा अभ्यास आहे, नोल्फा,
निदान नव्हे. तुझा क्लोन अजून परीक्षेला बसलाय.
पुन्हा कर."
"केव्हा?"
"उद्या."
"अकरा दिवस," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुसलेला पुन्हा पुसला.
"बरं. आज."

नावांची यादी लोखंडी कपाटात असते.
किल्ली ते रोज घरी नेतात.
निघताना पाहिलं, आज ती कुलपातच होती.
मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं,
आणि छत्री शोधू लागले.

घरी शेगडीपाशी लिकानरायचे बूट वाळत होते.
आज काय दिसलं? तिनं हातांनी विचारलं.
मी दोन बोटांची वर्तुळं डोळ्यांना लावली.
चुंचो! ती हसली.
आमच्या घरात त्याला न भिणारी ती एकटीच.
ओरडतो म्हणजे काय करतो? तिनं विचारलं.

त्याला खूण नाही आमच्याकडे.
मी तिचा तळवा घेतला, माझ्या गळ्यावर ठेवला,
आणि ओरडले, चुंचोसारखी,
दोनदा, मग जरा मोठ्यानं.
शेजारच्या दोन्या एदेल्मिरांनी
धाडकन खिडकी लावून घेतली.