निवेदनाची दुरुस्ती

ऐरोलीत, सिडकोच्या दुसऱ्या मजल्यावर
जिथे माझं स्वयंपाकघर संपतं
तिथे आमच्या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाचं कार्यालय सुरू होतं:
एक टेबल, नौशीनचा लॅपटॉप,
आणि तिसरी खुर्ची म्हणून गॅसचा रिकामा सिलिंडर, वर उशी.

लेखकाकडून पैसे घेत नाही. वाचकाकडूनही नाही.
सर्व्हरचे वर्षाला नऊ हजार चारशे माझ्या शिकवण्यांतून जातात.
दर मार्चला एखादा फोन ठरलेला,
"मॅडम, बढतीची फाइल आहे, दोन दिवसांत छापा, काय ते सांगा."
काय ते मी सांगते. परत फोन येत नाही.

गॅलरीतून रबाळ्याची धुराडी दिसतात,
अनुमान शिकवायला सोपं पडतं:
धूर आहे, म्हणून अग्नी आहे.
एकाने विचारलं, कारखाना कुणाचा, हे धुरावरून कळतं का?
मी म्हटलं, नाही. पुढचं पान.

ऑक्टोबरात शहापूरहून पाकीट आलं.
आत एक्क्याण्णव सालचा लघुप्रबंध, कुठेच न छापलेला,
टंकलिखित, प्रत्येक 'ळ' ओळीच्या जरा वर उडालेला.
सोबत वहीचा कागद:
मला काही नको. पण तो खिळा माझा आहे.

तो खिळा.
बारा वर्षं शिकवत आलेय मी तो.
जमिनीवर घट नाही, हे जुनं उदाहरण.
खांबेटे सरांनी घट बाजूला ठेवला
आणि तसबीर उतरवल्यावर भिंतीत उरलेला खिळा दाखवला:
नसणं नुसतं नसत नाही, कशाला तरी अडकून नसतं.
आमच्या पहिल्या अंकातला पहिला लेख.
वर्गात हे वाक्य आलं की मी थोडी थांबते,
मुलांनी खिडकीबाहेर बघावं म्हणून.

पान एकवीस. नसणं नुसतं नसत नाही.
शेवटी मार्गदर्शकाची सही,
मला झोपेतही ओळखू येईल अशी.

बावतीस म्हणाला, सर गेले, आता कुणाला विचारणार?
नौशीन म्हणाली, बाई आहेत ना.
चहा उतू गेला.
मग नियमावली काढली, सरांच्याच तिरक्या अक्षरातली, कलम सात:
चोरी सिद्ध झाल्यास लेख मागे घ्यावा. लेखक कोण, हे पाहू नये.

दोन्ही मजकूर नावं झाकून बाहेरच्या दोघांना पाठवले.
एकाने सहा पानं लिहिली.
दुसरीने एक ओळ: मूळ कोणतं, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही.

सरांचा मुलगा फोनवर म्हणाला,
काढूनच टाका ना गुपचूप, कुणाला कळणार आहे.
काढायचा नसतो रे, मागे घ्यायचा असतो.
लेख तिथेच राहतो, सगळ्यांना उघडा, फुकट,
पानापानावर तिरपी राखाडी अक्षरं, आणि वर कारण.
तो म्हणाला, मग ही तर जास्तच शिक्षा झाली.
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

निवेदन एकशे बारा शब्दांचं. अकरा रात्री लागल्या.
"आढळून आले आहे" लिहिलं, खोडलं. कुणाला आढळलं?
"दाखवून दिले आहे" केलं, बाईंचं नाव घातलं.
"आदरणीय" खोडलं.
ते खोडल्यावर उठून उगाच ओटा पुसला.

आठवड्याने पुन्हा वहीचा कागद:
निवेदन वाचले. आभारी आहे.
आडनाव वाकचौरे आहे, वाघचौरे नाही.

नौशीनला हसू फुटलं, मग मला,
मग बराच वेळ कुणालाच नाही.

सोमवारी वर्गात खिळा आला.
द्वारका वाकचौरे यांचा, मी म्हटलं, आणि थांबले नाही.
मागच्या बाकावरून एकीने विचारलं,
मॅडम, वाघ की वाक?
वाक, मी म्हटलं.
कमळातला क.