घराचा नकाशा, हाताने काढलेला

अर्जाला जोडायचा शेवटचा कागद:
राहत्या घराचा नकाशा, हाताने काढलेला.
छापील चालत नाही.

नऊ वर्षं काढतोय मी.
आधी समुद्र. त्याला एकच रेघ पुरते.
मग रेल्वेचा रूळ, विहाराचं शिखर,
नूडल्सचा गाडा, गाड्यावर छत्री,
आणि छत्रीपासून चौथ्या दाराशी फुली.
फुलीखाली माझं नाव. वेइयो हाउताला,
बर्फ फोडणाऱ्या जहाजावरचा मेकॅनिक, निवृत्त.

यंदा पेन्सिल समुद्रापाशीच थांबली.

पासपोर्ट उलटा चाळून शिक्के मोजले:
गेल्या वर्षी अकरा आठवडे.
त्याआधी चौदा.
त्याआधी, गुडघा माझा स्वतःचा होता तेव्हा,
सात महिने.
आणि बँकेत आठ लाख बाट
वर्षभर राखणीला बसवलेले.
मी इथे असो वा नसो, ते हलत नाहीत.
तिकडे ओउलूत साउनाचं छप्पर गळतंय.

हेल्का फोनवर म्हणते, बाबा, टूरिस्ट म्हणून जा ना.
विमानतळावर शिक्का मारतात, काही विचारत नाहीत.
अकरा आठवड्यांसाठी बारा महिन्यांचे कागद
कोण करतं?
तिचं बरोबर आहे.
ती सुईण आहे, तिला तारखा कळतात.

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई,
नवव्या वर्षी कोण?

टूरिस्टला कुणी नकाशा मागत नाही.
हॉटेलचं नाव लिही, बस्स.
तुझ्या घरी यायचं झालं
तर कुठे वळायचं,
हे एका सरकारला माझ्याकडून हवं असतं
वर्षातून एकदा.
आजवर कुणी आलेलं नाही ते सोडा.
दोनदा मी चहाचं सामान आणून ठेवलं होतं.

(हे हेल्काला सांगितलेलं नाही.)

संध्याकाळी अर्धामुर्धा कागद घेऊन
लमदुआनच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो.
तिचं दुकान म्हणजे एक यंत्र, एक पंखा, एक मांजर,
आणि काचेखाली विसरलेले लोकांचे फोटो:
एका डच माणसाचा,
तो गेल्या पावसाळ्यात वारला.
एका बाईचा, ती परत आलीच नाही.
फोटो ती टाकून देत नाही.
कुणी मागायला आलं तर, म्हणते.

माझं थाई भाजीबाजाराइतकंच.
म्हटलं, यंदा करू की नको, ठरत नाही.
तिने कागद उलटा धरला, मग सुलटा.
रस्ता आता एकेरी झालाय, म्हणाली.
नूडल्सवाला पलीकडे गेला, त्याला जावई मिळाला.
आणि हे झाड कुठलं? ते तर तोडलं
तू बर्फात होतास तेव्हा.

कानावरची पेन्सिल काढून
तिने माझी छत्री खोडली,
पलीकडे काढली, जरा मोठी.
रस्त्याला बाण दिला.
मग माझ्या फुलीच्या अलीकडे, तीन दारं सोडून,
एक चौकोन काढला, त्यात मांजर.

नऊ वर्षं इथेच प्रती काढतोस,
ती म्हणाली,
आणि माझं दुकान एकदाही दाखवलं नाहीस.

मी काय बोलणार.
पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडला,
तिने त्यावर मांजर ठेवलं. म्हणजे खरं मांजर.

किती प्रती?

बाहेर अंधारात माकुळ पकडणाऱ्या होड्यांनी
आपापले हिरवे दिवे लावले होते,
क्षितिजावर कुणी ओळ आखावी तसे.
म्हटलं, एक.
मग म्हटलं, थांब.

यंत्राचा उजेड काचेखालून सरकत गेला,
एकदा, आणि परत.

शुक्रवारपर्यंत मुदत आहे.
बँकेचं पत्र अजून आणलेलं नाही,
छपराच्या माणसालाही कळवलेलं नाही.
नकाशा मात्र आता बरोबर आहे.