डावा कोपरा

बिंदू चौकात सभा असली की दस्तगीरचाचा
स्टेजच्या शिडीवर बसायचे,
पुढाऱ्याकडं पाठ करून.
म्हणायचे, बोलणारा उद्या पेपरात येतोयच,
ऐकणारा कुठं येतोय?

मी त्यांचा पोऱ्या.
लक्ष्मीपुरीत जिन्याखालची डार्करूम,
लाल बल्ब, हायपोचा आंबूस वास,
आणि ट्रेमध्ये हळूहळू वर येणारी माणसं.
आधी मिशा यायच्या, मग छत्र्या, मग डोळे.
टोप्या कधी यायच्याच नाहीत,
कागदच तेवढा कोरा राहायचा.

झेंड्यांचं तर काही खरं नव्हतं.
लाल काय, भगवा काय, निळा काय,
सगळे एकाच चुलीतली राख.
सभा कुणाची, ते पाकिटावर
पेन्सिलनं लिहून ठेवावं लागे.

एकदाच संपादक अडून बसले :
साहेबांचा चेहरा पाहिजे, दोन कॉलम.
चाचा मुकाट गर्दीमागं गेले,
सायकल दुकानाच्या कट्ट्यावर चढले, भर उन्हात.
चेहरा आला. उगारलेलं बोट,
हनुवटीवर माईकची सावली,
घामसुद्धा मोजून घ्यावा असा.
तळाला नुसत्या माना.

बावीस वर्षांनी शेवंता चौगुले दुकानात आल्या.
पिशवीत तेच कात्रण, घडीवर फाटलेलं.
साहेबांवर त्यांनी अंगठा ठेवला
आणि दुसऱ्या हाताचं बोट नेलं डाव्या कोपऱ्यात.
"ह्यो आमचा. बोडका. कान बघा,
तालमीत मोडलेला.
ह्या सभेनंतर म्हैन्यात गेला.
दुसरा फोटोच न्हाई.
तेवढं जरा तोंड हिकडं करता येतंय काय,
बघा की."

चाचा हसले नाहीत.
मोतीबिंदू झालेल्या बोटांनी डबा चाचपला,
निगेटिव्ह काढलं,
खिडकीच्या उजेडात धरलं त्यांच्यासमोर.

आभाळ काळंभोर. साहेबांचे दात कोळशाचे.
टोप्या सगळ्या काळ्या.
आणि डाव्या कोपऱ्यात, मोडक्या कानाशेजारी,
पांढरेशुभ्र केस.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.
खाली रिक्षा भोंगे वाजवत होत्या.
"पिकला की हो,"
एवढंच म्हणाल्या, आणि पदर सारखा केला.

पैसे घेतले नाहीत चाचांनी.
संध्याकाळी मी पाकिटावरचं पक्षाचं नाव खोडलं,
खाली लिहिलं :
चौगुले. डावा कोपरा. कान.